अळी मेली, हिवताप गेला?

बारामती-इंदापूर भागातील शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक प्रकल्प आम्हाला वरचेवर भेटतो : ‘वनौषधींच्या अर्कांची हिवतापविरोधी चाचणी’. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या या भागात हा विषय निवडणे योग्यच आहे. आमचा आक्षेप निष्कर्षाला आहे.

बरणीत डासांच्या अळ्या असतात, त्यांवर कडुनिंबाचा अर्क ओततात. अळ्या मेल्या की फलकावर लिहिले जाते, ‘हिवतापावर गुणकारी’. परंतु हिवताप होतो तो प्लाझ्मोडियम या एकपेशीय परजीवीमुळे. माणसाच्या शरीरात तो यकृतात आणि रक्ताच्या तांबड्या पेशींत वाढतो. अळीवरील प्रयोग त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय गटारातून आणलेल्या अळ्या बहुधा क्युलेक्सच्या, म्हणजे हिवताप न पसरवणाऱ्या डासाच्या असतात. त्या डोके खाली करून तिरप्या लोंबतात. ॲनोफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते. एवढे निरीक्षणही प्रकल्पात नसते.

खुद्द परजीवीवर चाचणी केली, तरी काम संपत नाही. फाल्सिपेरम जातीचा परजीवी प्रयोगशाळेत सतत वाढवण्याची रीत १९७६ मध्ये साधली. तेव्हापासून काचपात्रात अर्क तपासणे सोपे झाले. पण काचपात्रात साबणही परजीवीला मारतो! अर्क माणसाच्या पेशींना किती अपायकारक आहे, आणि पोटात घेतल्यावर रक्तात किती पोचतो, हे खरे प्रश्न आहेत.

सातविणीची साल, कुटकी, किराईत आणि सागरगोटा यांपासून बनवलेल्या ‘आयुष-६४’ ची क्लोरोक्विनशी केलेली तुलना २००० मध्ये प्रसिद्ध झाली. व्हायवॅक्स हिवतापाचे क्लोरोक्विन घेतलेले सर्व रुग्ण २८ दिवसांअखेर बरे ठरले. आयुष-६४ घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे कमी. परंपरा टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. चीनमध्ये थू योयो यांना जुन्या ग्रंथातूनच सुगावा लागला. उकळल्याने गुण नष्ट होतो हे ओळखून त्यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले. पण सुगावा म्हणजे पुरावा नव्हे.

हिवतापाचा ताप चढतो आणि आपोआप उतरतोही. त्याच वेळी काढा दिला असेल, तर श्रेय काढ्याला मिळते. फाल्सिपेरमच्या बाबतीत असा गेलेला एखादा दिवस जिवावर बेततो.

तेव्हा शिक्षकमित्रांनो, एका बरणीत नुसते पाणी, दुसरीत फक्त द्रावक ठेवा. अळी ओळखा, प्रयोग तीनदा करा. फलकावर ‘अळीनाशक’ एवढेच लिहा. आणि थंडी वाजून ताप आलेल्या मुलाला आधी रक्ततपासणीला पाठवा.