मठातील मानसयात्रा

उल्म येथील डोमिनिकन साधू फेलिक्स फाब्री याने १४८० व १४८३ साली पवित्र भूमीची यात्रा केली. पुढे १४९२ च्या सुमारास त्याने ‘सिओनपिल्गर’ हा जर्मन ग्रंथ रचला, तो मठाचा उंबरठा ओलांडण्याची मुभा नसलेल्या मठवासिनींसाठी. आपल्याकडील मानसपूजेचे स्मरण येथे सहज होते. परंतु या ग्रंथाचे वैशिष्ट्य निराळे आहे. जेरुसलेम, रोम, सांतियागो ही क्षेत्रे तो वाचकापुढे एकदम आणून ठेवीत नाही. रोजची मजल ठरलेली. तेवढेच वाचावयाचे, तेवढीच वाट मनाने चालावयाची. देह जागीच असला, तरी अंतर काही चुकत नाही.

उणीवही सांगितली पाहिजे. मठबंधूंसाठी लिहिलेल्या लॅटिन प्रवासवृत्तात फाब्रीने गलबतावरील हाल मोकळेपणाने वर्णिले आहेत. मानसयात्रेला मात्र वादळ अडवीत नाही. शिवाय बंदिवासाचे सांत्वन करणारा हा ग्रंथ त्या बंदिवासाविषयी प्रश्न विचारीत नाही.

आज पडद्यावर ख्रिस्ताच्या कबरीवरील मंदिर क्षणार्धात दिसते. दर्शन सुलभ झाले, हे चांगलेच. पण त्याला यात्रा म्हणावयाचे असेल, तर फाब्रीप्रमाणे वाटेचाही हिशेब ठेवावा लागेल.