तिसऱ्या दालनातील आपण

मनःशांती म्हणजे दगदगीतून सुटका, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आविलाच्या संत तेरेजा यांचा ‘आंतरिक दुर्ग’ वाचून आमची तरी ही समजूत ढळली. १५७७ साली त्यांनी हा ग्रंथ लिहिला, तेव्हा प्रकृती साथ देत नव्हती आणि त्यांनी आरंभिलेल्या कार्मेल संघाच्या सुधारणेला प्रखर विरोध होत होता.

आत्मा हा स्फटिकासारखा दुर्ग. त्यात सात दालने, गाभ्यात स्वतः परमेश्वर, आणि प्रार्थना हे प्रवेशद्वार, असे हे रूपक आहे. वरच्या दालनांचे वर्णन मनोहर आहेच. तथापि आम्हांला अधिक बोचली ती तिसऱ्या दालनाची पाने. तेथे आपल्यासारखीच माणसे राहतात : नित्य प्रार्थना करणारी, दानधर्म करणारी, संसार नेटका राखणारी. मात्र संपत्तीत जराशी तूट आली किंवा कोणी मान राखला नाही, की ती व्याकूळ होतात. त्यांच्या शांतीचा आधार देवापेक्षा स्वतःचा नेटकेपणा असतो, हे लेखिका हळुवारपणे दाखवून देतात.

ग्रंथात विषयांतरे व पुनरुक्ती आहेत. लेखिकाही ते मोकळेपणाने मान्य करतात. परंतु अखेरच्या दालनात या उणिवा भरून निघतात. तेथे पोहोचलेला जीव स्वस्थ बसत नाही. मार्था आणि मरीया तेथे एकत्र नांदतात, ध्यानातून सेवा उपजते.

सायंकाळची जपमाळ संपवून उठताना आपण कोणत्या दालनात असतो? वाचकांनी हा ग्रंथ हाती घेऊन स्वतःच पाहावे.