देज कुणी कुणाला द्यायचं?

श्रेयनामावलीत हल्ली एक नवं पद दिसायला लागलंय : संवेदनशीलता सल्लागार. वेशभूषेच्या खाली आणि भोजनव्यवस्थेच्या वर. मध्यंतरी हे पद मला अगदी जवळून पाहायला मिळालं. सातपुड्यात घडणाऱ्या एका मालिकेच्या संहितेचं वाचन शहाद्याच्या एका लॉजवर चाललं होतं. अहिराणीचा जाणकार म्हणून मलाही बोलावणं होतं. सल्लागार म्हणून आले होते धडगावकडचे एक तरुण पावरा गुरुजी. मानधन दोन दिवसांचं, संहिता आठ भागांची. तिसऱ्या भागात नायिकेचा बाप पोरीच्या हुंड्यासाठी सावकाराकडे जमीन गहाण टाकतो. तिथे गुरुजींनी वहीतून मान वर काढली.

"सर, आमच्यात मुलाकडचे देतात. देज."

दिग्दर्शक जरा थांबला. "बरोबर आहे गुरुजी, पण प्रेक्षकाला ते समजावत बसावं लागेल. कुणाला दुखावणारं काही असलं तर तेवढं सांगा."

हुंडा राहिला. बापाच्या तोंडची एक शिवी गेली.

त्या दिवसापासून हे पद माझ्या डोक्यात बसलंय. आदिवासींवर मराठीत लिहिलं गेलेलं आणि मराठी माणसांनी पडद्यावर आणलेलं पुन्हा चाळताना प्रत्येक ठिकाणी मी गुरुजींना त्या खुर्चीत बसवून पाहतो.

'जैत रे जैत' (१९७७) घ्या. गो. नी. दांडेकर डोंगर पायाखाली घातलेले लेखक, जब्बार पटेल चोख दिग्दर्शक, स्मिता पाटीलची चिंधी आपण विसरू शकत नाही. पण त्या सिनेमात ठाकर जेव्हा गातात, तेव्हा गीतकार महानोर गातात. गाणी सुंदर आहेत म्हणूनच हे कुणी बोलत नाही. 'आक्रोश'ची (१९८०) गोष्ट वेगळी. तेंडुलकरांच्या पटकथेतला लहान्या भिकू वकिलासमोर तोंडच उघडत नाही, आणि मला तो मराठी लेखकाने केलेला सर्वांत प्रामाणिक आदिवासी वाटतो. याच्या आतलं मला ठाऊक नाही, अशी ती लेखकाची कबुली आहे. पुढच्या लोकांना ते गप्प बसणं सोसवलं नाही. तेव्हापासून आपला आदिवासी सारखा बोलतोय, आणि बोलतोय ती भाषा पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी तमाशाच्या फडातली. धडगावच्या घरात पावरी, नवापुराकडे मावची, बाजारात अहिराणी आणि गुजराती. २०११च्या जनगणनेत ज्या नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले एकोणसत्तर लोक आदिवासी, तिथल्या माणसाच्या तोंडी 'म्या' आणि 'व्हतं' घातलं की काम झालं!

बाकी हिंदी सिनेमाबद्दल न बोललेलं बरं. 'शालीमार'मधला (१९७८) तो निरर्थक कोरस अजूनही शाळांच्या गॅदरिंगमध्ये झाडपाला गुंडाळून नाचतो. इंग्लंडात संवेदनशीलतेच्या नावाखाली २०२३ साली रोआल्ड डालच्या पुस्तकांतले 'जाडा'सारखे शब्द काढण्यावरून रण पेटलं. ती भरल्या पोटाची भांडणं आहेत, आपल्याला परवडत नाहीत.

सल्ला लागतो कुठे, ते होळीवरून सांगतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी आता फोटोग्राफरांची जत्रा झाली आहे. अंगभर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरं. हेच ते बावा, बुध्या. कॅमेऱ्याला याहून जास्त काय हवं? पण हे अंगावर चढवणारा माणूस पाळणी पाळत असतो. त्याचा नवस असतो. ते दिवस तो खाटेवर झोपत नाही, पायात चप्पल घालत नाही, बायकोपासून लांब राहतो. म्हणजे तो दुधी भोपळ्यांचा पट्टा हे एक व्रत आहे. त्या मालिकेच्या संहितेत नायकाच्या मित्रांनी हाच वेश मुलीवर छाप पाडायला घातला होता, भर पावसाळ्यात. गुरुजींनी तेही सांगितलं. उत्तर आलं, "व्हिज्युअल फार स्ट्राँग आहे हो."

तीच गत भोंगऱ्याची. होळीआधीचा हा बाजार. गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार, पोराटोरांना कपडे असं होळीचं सामान घ्यायचं, ढोल वाजवायचे, लांबच्या नातेवाइकांना भेटायचं. बाहेरच्यांनी त्याचा प्रणयबाजार केला. पोरगा गुलाल लावतो, पोरगी पळून जाते, वगैरे. आदिवासी संघटना वर्षानुवर्षं निषेधाची निवेदनं देताहेत, आणि तरी दर फाल्गुनात एखादी पुरवणी नव्याने तेच छापते. इथे चूक माहितीची नाही. माहिती देणारे दारात उभे आहेत. गुलालाची गोष्ट खपते आणि खजुराची खपत नाही, एवढंच.

आणि ज्याला हे सगळं नवं वाटतं, त्याने वाहरू सोनवणे वाचलेले नाहीत. शहाद्याच्या श्रमिक संघटनेत राबलेला हा भिल कवी. 'गोधड' १९८७ साली आला, आणि त्यातली 'स्टेज' ही कविता या विषयावर मराठीत लिहिलं गेलेलं पहिलं आणि अजून तरी शेवटचं वाक्य आहे. कोण मंचावर बसतो, कुणाचं दुःख सांगतो आणि ज्याचं दुःख तो कुठे उभा असतो, याचा हिशेब त्या एवढ्याशा कवितेत चुकता झालाय. लक्षात घ्या, ती चिडून लिहिलीय ती सावकारावर नाही. ती आहे चळवळीतल्या आपल्याच भल्या माणसांवर. वाहरूंची मराठी मुद्दाम साधी आहे, अलंकार जवळपास नाहीत. दुःखाला नटवायचं काम त्याच्या बाहेरच्या लोकांचं, हे त्यांना नेमकं कळलं होतं. आमचे समीक्षक 'आदिवासी जाणीव' असं लेबल लावून पुढे गेले. त्या कवितेतला मंच आज मालिकेच्या सेटवर मांडलाय. फरक इतकाच की कोपऱ्यात एक खुर्ची वाढवली आहे आणि तिच्यावर सल्लागार अशी चिठ्ठी चिकटवली आहे.

तुम्ही म्हणाल, काहीच नसण्यापेक्षा खुर्ची बरी. मीही वर्षभर तेच म्हणत होतो. आता म्हणत नाही. या खुर्चीतून एकच प्रश्न विचारायची मुभा आहे : कोण दुखावेल? खरं काय, हे विचारायची सोय नाही, कारण खरं बदललं की कथानक बदलतं आणि मग लेखक बदलावा लागतो. दुखावणारं तेवढं वेचून काढलं की उरतो तो निष्पाप, निसर्गपूजक, बासरी वाजवणारा आदिवासी. 'शालीमार'चा कोरस गेला, बासरी आली. दोन्हींत माणूस नाही. आमच्याच डोंगरात एखाद्या बाईला डाकीण ठरवून गावाबाहेर काढल्याच्या बातम्या येतात. कुठला सल्लागार ते संहितेत राहू देईल? समाजाची बदनामी होईल म्हणून पहिली काट तिथेच मारली जाईल. आणि बाहेरच्या लेखकाने ते लिहूही नये, कारण तो त्यातून फक्त भुताटकी काढेल. ते लिहायला त्या बाईच्या पाड्यावरचाच कुणी हवा, आणि त्याला गावाने शिव्या घातल्या तरी चालतील.

झारखंडात हंसदा सोवेन्द्र शेखर या संथाळ लेखकाच्या कथासंग्रहावर २०१७ साली सरकारने बंदी घातली होती, संथाळ स्त्रियांची बदनामी केली म्हणून. डिसेंबरात ती उठली. त्या पुस्तकाला सल्लागार असता तर बंदी आली नसती. पुस्तकही आलं नसतं.

आमच्याकडची सोंगाड्या पार्टी रात्रभर चालते. पुरुष बायकांची सोंगं घेतात, पोलीस, फॉरेस्टवाले, नवरे, सासवा, कुणालाही सोडत नाहीत. संवेदनशीलतेच्या कुठल्याही परीक्षेत ती पहिल्या दहा मिनिटांत नापास होईल. आणि पहाटेपर्यंत पाड्यातलं एक माणूस उठून जात नाही. मला पावरा सल्लागार नको आहे. मला पावरा दिग्दर्शक हवा, ज्याला वाह्यात, चुकार, क्रूर व्हायची मोकळीक आहे, आणि ज्याच्या सिनेमाला अहिराणीचा सल्लागार म्हणून मी दोन दिवसांच्या मानधनावर जाईन. माझं त्याने ऐकलं नाही तरी चालेल.

वाचन संपल्यावर गुरुजी आणि मी स्टँडवर चहा घेत होतो. धडगावची गाडी लागायची होती. ते म्हणाले, "सर, त्यांनी आमचा बाप लबाड दाखवला असता तरी मला चाललं असतं. माझा काका होता ना, त्याने आपल्या एका पोरीचं देज दोनदा वाढवून मागितलं. पंच उठून गेले. मग पोरगी रात्री स्वतःच नवऱ्याच्या घरी जाऊन बसली आणि काका सकाळी बैल मोजायला गेला तर..."

तेवढ्यात गाडी लागली. खिडकीत जागा धरायला रुमाल टाकून ते पुन्हा खाली आले, उरलेला चहा संपवला आणि बैलांचं काय झालं ते सांगायला लागले.