वीनरची पेन्सिल आणि अंधेरीची लोकल

रिसर्चची तयारी करताना कोणीतरी सांगतंच, नॉर्बर्ट वीनर यांचं 'सायबरनेटिक्स' वाच. जरूर वाचा, पण प्रस्तावनेवर थांबू नका.

1948 सालच्या या पुस्तकाच्या प्रस्तावनेत वीनर पेन्सिल उचलण्याचं उदाहरण देतात. हात आणि पेन्सिल यांत किती अंतर उरलंय, याची माहिती मज्जासंस्थेला सतत मिळते आणि त्यावरून हालचाल दुरुस्त होत जाते. हाच फीडबॅक. ही दुरुस्ती गरजेपेक्षा जोरात झाली, तर मशीन ठरल्या जागेच्या अलीकडे-पलीकडे झुलत राहतं. माणसातही असं होतं का, हे वीनर आणि बिगेलो यांनी शरीरशास्त्रज्ञ रोझेनब्लूथ यांना विचारलं. उत्तर आलं: हो, लहान मेंदूला इजा झाली की होतं. पुस्तकाची ताकद इथेच आहे. ही उपमा तपासून बघता येते.

कमी पडतो तो वेळेचा हिशोब. डोळ्यांनी पाहून हाताची दिशा बदलायला साधारण 0.1 ते 0.2 सेकंद लागतात. हालचाल वेगवान असेल, तर तोवर हात पुढे गेलेला असतो. अंधेरी जवळ आली की लोकलमधला रोजचा प्रवासी धक्क्याआधीच पाय रोवतो. तोल जायची वाट बघत नाही. अंदाज घेऊन केलेल्या नियंत्रणाबद्दल वीनर चौथ्या प्रकरणात लिहितात, पण डोक्यात राहते ती पेन्सिलच.

म्हणून प्रपोजलमध्ये 'शरीर म्हणजे फीडबॅक लूप' असं लिहिण्याआधी विलंबाचा आकडा लिहा. तो नसेल, तर ते वाक्य नुसतंच छान दिसतं.