भिंतीच्या आतलं सगळंच थोर?

निफाडकडच्या आमच्या मळ्यात द्राक्षांचे दोन तुकडे होते. वरचा मुरमाड, खालचा ओढ्याकाठचा, काळ्या भारी मातीचा. गट नंबर एकच. व्यापारी दोन्हींना एकच भाव द्यायचा. आजोबा मात्र घरच्यांसाठी घड आणायचे ते वरच्या तुकड्यातलेच.

फ्रान्समधल्या बरगंडी प्रांतातल्या ‘क्लो द वूजो’बद्दल वाचताना मला हे आठवलं. क्लो म्हणजे भिंतीने वेढलेला मळा. सुमारे 50 हेक्टरचा हा मळा सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी बाराव्या शतकापासून जमवत नेला आणि पुढे त्याला दगडी भिंत घातली. आज भिंतीच्या आतल्या प्रत्येक वेलीला ‘ग्रां क्रू’ म्हणजे सर्वोच्च दर्जा आहे. ती वाईन मी चाखलेली नाही, तेवढी खिशाची ऐपत नाही. पण लेबल हाही एक मजकूरच असतो, आणि तो मला वाचता येतो. माझी तक्रार त्या मजकुराबद्दल आहे.

कारण आतली जमीन एकसारखी नाही. वरच्या अंगाला चुनखडीवर पातळ, खडेमिश्रित माती आहे. पाणी झटकन निचरतं, मुळांना खोल जावं लागतं, मणी लहान राहतात. रंग आणि स्वाद मुख्यतः सालीत असतो, म्हणून लहान मण्यांची वाईन दाट होते. खाली रस्त्याच्या कडेला चिकणमाती खोल आहे आणि निचरा मंद. ओल्या वर्षी पिनो न्वारचे मणी तिथे पाणी पिऊन फुगतात, चव पातळ होते. त्याच उंचीवर, पण भिंतीपलीकडे असलेल्या वेलींना मात्र ग्रां क्रू मिळत नाही. म्हणजे खालच्या टोकाला दर्जा ठरवते ती माती नव्हे, भिंत.

मग साधू चुकले का? मला तसं वाटत नाही. वरच्या भागाची वाईन पोपसाठी, मधल्याची बिशपांसाठी आणि खालची साधूंसाठी, अशी एक दंतकथा सांगतात. ती खरी असो वा नसो, मळ्याचा मालक एक होता आणि तळघरही एकच. वेगवेगळ्या भागांची वाईन एकत्र करायची मुभा होती. कोरड्या वर्षी खालची ओल धरणारी माती उपयोगी पडली असेल, ओल्या वर्षी वरची. ‘क्लो द वूजो’ हे नाव त्या सगळ्या बेरजेचं होतं.

1889 मध्ये मळा तुकड्यांनी विकला गेला. पुढे विक्री आणि वारसांच्या वाटण्या होत होत आज सुमारे 80 मालक आहेत. वाटण्या म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कुणाकडे फक्त वरच्या ओळी, कुणाकडे फक्त रस्त्याकडच्या. बेरीज मोडली, नाव मात्र प्रत्येकाने अख्खं घेतलं. 1937 मध्ये सरकारी नियमांनी त्यावर शिक्का मारला.

याचा अर्थ वरचं ते सोनं आणि खालचं ते पितळ, असा नाही. छाटणी नीट करणारा, उत्पादन आवरतं घेणारा खालचा शेतकरी वरच्या आळशी शेजाऱ्यावर मात करू शकतो. जमीन शक्यता देते, खात्री देत नाही. पण ती शक्यता कुठली, हे तरी गिऱ्हाइकाला कळायला हवं. काही उत्पादक आतल्या तुकड्याचं जुनं नाव लेबलवर छापतात, उदाहरणार्थ वरच्या अंगाचं ‘ग्रां मोपेर्त्वी’. मला हा प्रामाणिकपणा वाटतो. अर्थात तो परवडतो वरच्यांनाच. खालचा कशाला सांगेल, की मी रस्त्याकडेला आहे?

2015 मध्ये युनेस्कोने बरगंडीतल्या मळ्यांच्या या तुकड्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तुकड्या-तुकड्यातला फरक ओळखणं, हाच तो वारसा. त्यातल्याच एका प्रसिद्ध भिंतीआड हा फरक झाकला जावा, हे मला खटकतं.

आजोबांना नकाशा लागत नव्हता. पण ते स्वतः मळ्यात उभे असायचे. बाटली हातात घेऊन दुकानात उभ्या असलेल्या माणसाकडे मात्र लेबलाशिवाय दुसरं काही नसतं.