रहस्यकथेच्या वाचकाने पुढे काय वाचावे? : समकालीन मराठी कथात्म साहित्यातील गुन्हा आणि मौन

प्रास्ताविक

'तुंबाड' हा हिंदी चित्रपट २०१८ साली प्रदर्शित झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. या दुसऱ्या खेपेनंतर आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीला एकाएकी मागणी आली. दोन खंडांची ही कादंबरी १९८७ सालची. तोपर्यंत ती मराठी विषयाचे विद्यार्थीच नेत, तेही परीक्षेच्या धास्तीने. आता वाणिज्य आणि विज्ञान शाखेतील मुले ती मागू लागली. त्यांना हवा होता तो चित्रपटातला हस्तर. चित्रपटाने पेंडशांकडून घेतले ते नाव. कथाबीज मात्र नारायण धारप यांच्या भयकथेशी नाते सांगणारे आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बहुतेकांनी पहिला खंड आठवड्याच्या आत परत केला. वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीने मात्र दोन्ही खंड संपवले आणि परत करताना विचारले, "मॅडम, यात भूत नाही, पण भीती आहे. अशी आणखी पुस्तके कोणती?"

प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला द्यावयाचे उत्तर आहे. त्या वेळी मला ते नीट देता आले नाही. मराठीच्या अध्यापकाला कोणत्या कादंबरीत कोणती जीवनदृष्टी आहे हे सांगता येते. पण पहाटेपर्यंत झोपू न देणारे पुस्तक कोणते, असे कुणी विचारले की आपण थोडे संकोचतो. हा संकोच व्यक्तिगत नाही. त्याला मराठी समीक्षेचा इतिहास आहे.

उपेक्षित पूर्वपीठिका

बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रे दोन पिढ्यांच्या तोंडी होती. गुरुनाथ नाईक यांची संख्याही हजाराच्या पुढे जाते. सुहास शिरवळकर यांनी दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन असे नायक उभे केले. पुढे ते सामाजिक कादंबरीकडे वळले आणि 'दुनियादारी'ने त्यांना आजच्या तरुणांपर्यंत पोहोचवले. त्या कादंबरीवरील चित्रपट २०१३ साली आला. तेव्हा शिरवळकरांना जाऊन दहा वर्षे झाली होती. एवढ्या मोठ्या लेखनसंभाराची दखल आपल्या वाङ्मयेतिहासात बहुधा 'रंजनप्रधान साहित्य' या एका परिच्छेदात घेतली जाते. प्रस्तुत लेखिकेने एम. फिल.च्या प्रबंधिकेसाठी अर्नाळकरांचा विषय सुचवला, तेव्हा "त्यात अभ्यासण्यासारखे काय आहे?" असा प्रतिप्रश्न आला आणि विषय बदलावा लागला. त्याची खंत आता उरलेली नाही. पण प्रश्न चुकीचा होता, असे आजही वाटते.

कारण रहस्यकथा वाचकाला एक शिस्त लावते. निवेदक जे सांगतो त्याच्या पलीकडे काही आहे, सांगणारा लपवत असू शकतो, कोपऱ्यात ठेवलेली वस्तू पुढे कामाला येणार आहे, हे भान या प्रकाराने सामान्य वाचकाला दिले. 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा आपण पदव्युत्तर वर्गात समजावून सांगतो; ज्याने लहानपणी शंभर रहस्यकथा वाचल्या आहेत त्याला ती न सांगताच कळलेली असते. एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवरून पुस्तक घेऊन रत्नागिरी ते मुंबई रात्रीचा प्रवास करणारा वाचक हा निर्बुद्ध वाचक नव्हता.

मर्यादा आहेत, त्या नाकारण्याचे कारण नाही. अर्नाळकरांच्या कथेत गुन्हा बाहेरून येतो आणि त्याचा निरास करणाराही बाहेरूनच येतो. काळा पहाड असो वा धनंजय, तो त्या घराचा, त्या वाडीचा नसतो. प्रकरण संपले की तो निघून जातो आणि घर पुन्हा पहिल्यासारखे होते. अनुभव असा की घर पहिल्यासारखे कधीच होत नाही. कोकणातल्या कोणत्याही जुन्या घराच्या माजघरात एखादी गोष्ट असते, जिच्याविषयी सर्वांना माहीत असते आणि कुणी बोलत नाही. तिचा तपास करायला गुप्तहेर येत नाही. तो कुणीतरी नातवंड करते, चाळीस वर्षांनी, आणि तेही अर्धवट.

गेल्या दोन दशकांतील ज्या पुस्तकांची शिफारस येथे करावयाची आहे, त्यांनी नेमके हेच केले आहे. त्यांत गुप्तहेर नाही. तपासाचे काम निवेदकाकडे, आणि त्याला ते झेपले नाही तर वाचकाकडे, आले आहे. 'कोणी केले?' यापेक्षा 'कोण गप्प राहिले?' हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटतो. हे केवळ मराठीतच घडते आहे असे नाही. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' या २००५ सालच्या कादंबरीत खून कोणी केला हे वाचकाला आरंभीच कळते. तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही. आमच्या काही विद्यार्थ्यांनी तिच्यावर आधारित 'जाने जान' हा २०२३ सालचा हिंदी चित्रपट पाहिला होता, म्हणून हे उदाहरण वर्गात उपयोगी पडले.

काही शिफारशी

पहिले नाव सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या लघुकादंबरीचे. ती रहस्यकथेच्या कपाटात कुणी ठेवणार नाही. ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात एक तरुण पेइंग गेस्ट म्हणून राहायला येतो. घरातील मुलगा तनय आणि मुलगी अनुजा दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. तो नाहीसा होतो. एवढी गोष्ट सांगितल्याने रसभंग होत नाही, कारण लेखकाने ती लपवलेलीच नाही. पहिला भाग तनयचा. तो नाहीशा झालेल्या माणसाला 'तू' म्हणून संबोधतो. दुसरा अनुजाचा. रहस्यकथेच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही बेपत्ता व्यक्तीची तक्रार आहे आणि दोन साक्षीदारांच्या जबान्या आपल्यासमोर आहेत. दोघेही खरे बोलतात, तरी जबान्या जुळत नाहीत. ज्याच्याविषयी एवढे बोलले जाते त्याचे नावसुद्धा आपल्याला कळत नाही. आई-वडील जेवणाच्या टेबलावर समोर बसलेले असतात आणि त्यांना काहीच दिसत नाही, की दिसते? या कादंबरीतील खरी भीती येथे आहे. तिच्यावरील चित्रपट २०२२ साली आला. विद्यार्थ्यांना मी तो पुस्तकानंतर पाहावयास सांगते, कारण दोन जबान्यांमधील फट पडद्यावर तितकी जाणवत नाही.

गणेश मतकरी यांच्या 'खिडक्या अर्ध्या उघड्या' (२०१४) या पुस्तकाची रचना याहून विस्तृत आहे. मुंबईतील उच्च मध्यमवर्गीय, कार्यालयीन जगातील माणसे एकामागून एक आपली हकीगत सांगतात. एका कथेत ओझरते आलेले पात्र दुसऱ्या कथेत निवेदक होते आणि आधी ऐकलेल्या गोष्टीचा अर्थ बदलतो. येथे सावध वाचकाला आनंद आहे. मागची पाने पुन्हा उलटावी लागतात. रत्नागिरीच्या वाचकाला ही माणसे प्रथम दूरची वाटतील, काहींना कोरडीही वाटतील. मलाही पहिल्या वाचनात तसे वाटले. तथापि या कोरडेपणातच त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध उघड होतो, म्हणून तीस-चाळीस पानांपर्यंत धीर धरावा.

ज्यांना 'तुंबाड'मधली ओल, अंधार आणि वाडा हवा आहे, त्यांनी हृषीकेश गुप्ते यांच्याकडे जावे. 'अंधारवारी'सारख्या संग्रहापासून त्यांची ओळख भयकथाकार म्हणून झाली आणि धारप, रत्नाकर मतकरी यांच्या परंपरेत त्यांना बसवले गेले. 'दंशकाळ' या कादंबरीत मात्र ते त्या परंपरेच्या पुढे जातात. रायगडचा परिसर, मोठे कुटुंब, त्यातील पुरुषांचा धाक, स्त्रियांचे गप्प राहणे, आणि हे सारे मुलाच्या नजरेने साठवून पुढे सांगणारा निवेदक. अतिमानुषाची सावली पानोपानी आहे. पण वाचक घाबरतो तो माणसांना. भाषा क्वचित अतिरिक्त सजलेली वाटते, आणि काही प्रसंग आटोपशीर असते तर परिणाम वाढला असता. एवढे म्हणूनही ही शिफारस मी सर्वांत ठामपणे करते. पेंडशांनी जगबुडीच्या काठावरील एका घराण्याच्या पिढ्यांमधून अपराध आणि त्याची फळे दाखवली, तेव्हा त्यांच्या निवेदकाला सर्व काही दिसत होते. गुप्ते यांच्या निवेदकाला सर्व काही दिसत नाही, आणि जे दिसते त्याच्यावर त्याचाच विश्वास नाही. दोन कोकणी कादंबऱ्यांमधले हे अंतर पदवीच्या वर्गात एका तासिकेत सहज समजावता येईल. अभ्यासक्रमात तशी जोडी लावून पाहावी.

शेवटची शिफारस जयंत पवार (१९६०–२०२१) यांची. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; पण गुन्हेविषयक साहित्याच्या वाचकाने 'वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा' हा संग्रह आधी हाती घ्यावा. त्याच्या शीर्षककथेवर आधारलेला चित्रपट २०२२ साली प्रदर्शित झाला आणि त्यातील दृश्यांवरून बराच गदारोळ उठला. त्या गदारोळात मूळ कथा बाजूला पडली, ही खेदाची गोष्ट. पवारांच्या लेखनात गिरणगाव आहे. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्या, चाळींतून घरी बसलेले बाप, आणि टोळ्यांनी हेरलेली त्यांची मुले. ही मांडणी त्यांनी 'अधांतर' या नाटकातच केली होती. कथेत ती अधिक धारदार होते, कारण हिंसा करणारे हात अजून पोरवयाचे आहेत. येथे गुन्हेगार शोधावा लागत नाही, तो पहिल्यापासून समोर असतो. शोधावा लागतो तो गुन्ह्याचा आरंभ. आणि तो मागे मागे जात एखाद्या बंद झालेल्या गिरणीच्या फाटकाशी पोहोचतो. तिथे कुणाला अटक करणार?

हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातील वाचकाला परका नाही. गिरणगाव वसले ते मोठ्या प्रमाणावर कोकणातून गेलेल्या चाकरमान्यांवर. गणपतीला आणि शिमग्याला परत येणारी माणसे, त्यांच्या मनिऑर्डरींवर चाललेली घरे, आणि एका वर्षी मनिऑर्डर येणे बंद झाले तेव्हा गावाकडे काय घडले, हे इथल्या अनेक घरांना ठाऊक आहे. त्या घरांतील मुलगे मुंबईत कोणत्या वाटेला लागले, हेही काहींना ठाऊक आहे. त्याविषयी मात्र बोलले जात नाही. ज्या शहरात १८२८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तिथल्या वाचकाने आपल्याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग परळ-लालबागच्या या कथांमधून वाचावा, हे मला अगत्याचे वाटते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीला अखेरीस मी 'दंशकाळ' आणि पवारांचा संग्रह अशी दोन पुस्तके दिली. 'दंशकाळ' तिने आठ दिवसांत परत केली. "रात्री वाचू नये" एवढाच अभिप्राय दिला. दुसऱ्या पुस्तकाची मुदत तिने दोनदा वाढवून घेतली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने सांगितले की पुस्तक सध्या तिच्याकडे नाही, आजोबांकडे आहे. ते संपापूर्वी परळच्या एका गिरणीत होते, संपानंतर गावी परतले आणि त्या वर्षांविषयी घरात कधी बोलले नाहीत. ते दुपारी पडवीत बसून वाचतात, मध्येच पुस्तक मिटून ठेवतात आणि काही विचारले तर उठून आगरात जातात. तिने आणखी एक मुदतवाढ मागितली. नियमात ती बसत नव्हती. पुस्तक मी माझ्या नावावर नोंदवून घेतले आहे.