चित्रातला घोडा आणि पडद्यावरचा कन्सोल

मागच्या वेळी आपण शंकुकाच्या अनुकरणवादापाशी थांबलो होतो. आज तोच धागा जरा आडवाटेला न्यायचा आहे, आवाज मिसळण्याच्या सॉफ्टवेअरकडे. तुमच्यापैकी बरेच जण घरी पॉडकास्ट, गाणी वगैरे रेकॉर्ड करता, तेव्हा हा विषय तुम्हाला माझ्यापेक्षा जवळचा आहे. माझा संबंध त्यातल्या एका शब्दाशी: 'अ‍ॅनालॉगसारखं'.

उदाहरण घेऊ हॅरिसन मिक्सबसचं. हॅरिसन ही अमेरिकेतल्या नॅशव्हिलची, १९७५ साली सुरू झालेली, मिक्सिंग कन्सोल बनवणारी कंपनी. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' (१९८२) ब्रूस स्वीडियन यांनी मिक्स केला तो हॅरिसनच्या ३२ मालिकेतल्या कन्सोलवर. त्याच कंपनीने २००९ मध्ये मिक्सबस आणलं. त्याचा पाया म्हणजे पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेलं 'आर्डर' हे मुक्त सॉफ्टवेअर. त्यावर हॅरिसनने आपल्या कन्सोलची रचना बसवली. प्रत्येक चॅनलवर इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर आधीपासून हजर, बसवर टेप सॅच्युरेशन, आणि ३२सी या आवृत्तीत बारा मिक्सबस.

आता यात 'अ‍ॅनालॉग' ते काय? संगणकात आवाज म्हणजे आकडे, आणि मिसळणं म्हणजे बेरीज. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये केली तरी बेरीज ती बेरीजच. याची एक सोपी कसोटी आहे. तेच ट्रॅक, तेच फेडर, पॅनचा तोच नियम ठेवून दोन सॉफ्टवेअरमधून मिक्स बाहेर काढा, एकाची ध्रुवता उलटी करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. एरवी जवळजवळ शांतता उरते. विजेच्या तारांतून, ट्रान्सफॉर्मरमधून, टेपमधून जाणारा आवाज मात्र असा निर्विकार राहत नाही. पातळी वाढली की तो किंचित वाकतो आणि त्यात मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर मिसळतात. तानपुऱ्याची जवारी आठवा. तार घोडीच्या उतरत्या पृष्ठभागाला घासत वाजते म्हणून तो स्वर भरून येतो. भौतिकीच्या वहीत ती विकृतीच ठरेल, पण गवयाला ती नसेल तर बैठक जमत नाही. मिक्सबस ही विकृती गणिताने आणि मुद्दाम घालतं. इथवर भांडण नाही.

भांडण पुढे आहे. या सॉफ्टवेअरचं कौतुक करणारे म्हणतात, "अगदी खऱ्या कन्सोलसारखं वाजतं." शंकुकाचा चित्रतुरगन्याय आठवतो ना? चित्रातला घोडा पाहताना आपण 'हा खरा घोडा' असं म्हणत नाही, 'हा घोडा नव्हेच' असंही नाही, 'घोडा आहे की नाही' असा संशय नसतो, आणि 'घोड्यासारखं काहीतरी' अशी नुसती सादृश्याची प्रतीतीही नसते. चौघांहून वेगळंच असं काहीतरी घडतं. त्यावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांनी घेतलेला आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. अनुकरण ओळखायचं तर मूळ आधी पाहिलेलं हवं. रामाची रती कुणी पाहिली आहे? मग नट तिचं अनुकरण करतो हे कशाच्या बळावर म्हणता?

हाच प्रश्न इथे विचारा. घरी लॅपटॉपवर मिक्स करणाऱ्या किती जणांनी त्या ३२ मालिकेच्या कन्सोलसमोर बसून काम केलंय? फार थोड्यांनी. तरी 'ऊब आली', 'खोली आली' हे शब्द सर्रास. त्यात एक साधी गफलतही असते. दोन आवाजांतला जरासा मोठा आवाज कानाला हटकून चांगला वाटतो. म्हणून दोन्ही समान पातळीवर आणून, कुठला कोणता हे झाकून ऐकल्याशिवाय उबेची गोष्ट करूच नये. आणि 'थ्रिलर'चं यश कन्सोलच्या खात्यात टाकणं म्हणजे... वादक, गायक, क्विन्सी जोन्स, स्वीडियन यांचे कान, हे सगळं गेलं कुठे?

हे केवळ तर्कटीपणाने बोलत नाहीये. यात विशी-पंचविशीच्या मुलांचा आत्मविश्वास पणाला लागतो. 'जुन्या यंत्राचा आवाज तो खरा' असं त्यांना सतत सांगितलं जातं, आणि ते यंत्र तर त्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही. मग स्वतःच्या कानावर विसंबायचं कधी? न ऐकलेल्या प्रमाणाशी ताडून आपलं काम कमी ठरवायची सवय लागते आणि एकामागून एक प्लगिन विकत घेतलं जातं.

म्हणून काय मिक्सबस वाईट? छे. माझ्या मते त्याचा खरा गुण जाहिरातीत ज्याला दुय्यम जागा मिळते त्यात आहे. सगळं समोर असतं. इक्वलायझरसाठी खिडकी उघडा, शंभर पर्यायांतून एक निवडा, हा खटाटोप नाही. कॉम्प्रेसरलाही लेव्हलर, कॉम्प्रेसर, लिमिटर असे मोजकेच पर्याय. ढोल इकडे, गायन तिकडे, अशी बसवर विभागणी करून माणूस ऐकायला बसतो. ही मर्यादा कामाला शिस्त लावते. दुसरं एखादं सॉफ्टवेअर इतकंच मोकळं असूनही त्यात माणूस तीन तास आकृत्याच बघत बसतो, हे मी विद्यार्थ्यांकडे पाहिलंय. आवाज 'सारखा' नसता तरी हा गुण उरलाच असता.

उणीवही इथेच आहे. कन्सोलवर दहा बोटं चालतात. एका हाताने गाणं खाली, दुसऱ्याने तबला वर. पडद्यावरच्या नॉबला उंदराचं एकच टोक मिळतं, तेही गोल फिरणाऱ्या चित्रावर सरळ रेषेत ओढायचं! बाहेरून फेडरची पेटी जोडता येते हे ठाऊक आहे मला, पण मग तो खर्च वेगळा. हाताच्या हालचालीसाठी बनलेला आकार हात काढून घेतल्यावरही तसाच ठेवला, एवढंच त्या नॉबबद्दल म्हणता येतं. आकड्याची पट्टी तिथे जास्त प्रामाणिक ठरली असती.

आणखी एक. आर्डरचा कोड कुणालाही वाचता येतो, सुधारता येतो. हॅरिसनने त्यात घातलेली आवाजाची प्रक्रिया मात्र बंद आहे. धंद्याच्या दृष्टीने ते समजू शकतं. पण 'आमचं गणित कन्सोलसारखं' या दाव्याचं गणितच बघता येत नसेल, तर कानाखेरीज साक्षीदार उरत नाही, आणि त्या कानाचं काय होतं ते आत्ताच पाहिलं.

पुढच्या वेळी भट्टनायकाकडे जाऊ. आता प्रश्न घेतो. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने विचारा.